लेकॉकला जायचंय? की अशा गावात राहायलाच जायचंय? दोन्हीसाठी उपयोगी पडेल असं सगळं

भारतातून आई-बाबा नाहीतर सासू-सासरे आले की आपल्या सगळ्यांचं पॅकेज ठरलेलं असतं, लंडन आय, बकिंगहॅम पॅलेस, मग एक दिवस कोच टूरने स्टोनहेंज आणि बाथ, आणि त्यातच कुठेतरी एक "टिपिकल इंग्लिश व्हिलेज" चिकटवलेलं असतं. तिथे बस पाऊण तास थांबते, फोटो काढा, आइस्क्रीम खा, टॉयलेटला जाऊन या, चला बसा. याला मी गाव बघणं म्हणत नाही. जुनं गाव बघायचं तर एकच गाव धरायचं, दुपारी उशिरा पोचायचं, रात्री तिथेच मुक्काम करायचा आणि सकाळी दहाच्या आत निघायचं, म्हणजे बसवाले यायच्या आत. बाकी खाली जे काही लिहिलंय ते सगळं याच एका गोष्टीभोवती आहे.

मी स्विंडनच्या बाजूला राहते त्यामुळे विल्टशरमधली गावं जवळची, म्हणून लेकॉक धरून सांगते. नाव वाचताना लोक लॅकॉक म्हणतात, तिथे बसवाल्याला लेकॉक सांगा.

पायरी १: गाव कुठलं निवडायचं

इन्स्टावर तुम्हाला सगळ्यात जास्त बायबरी दिसेल, ती अरलिंग्टन रोची दगडी घरांची ओळ. सुंदर आहे यात वाद नाही, पण छोटंसं गाव, एक अरुंद रस्ता आणि त्यावर कोचच्या कोच, गावातले लोक वैतागून गेलेत. कासल कूम पण फार देखणं, पण तिथे गाडीशिवाय जाणं कटकटीचं, आणि पाऊस लागला तर पब आणि चर्च सोडून डोकं आत घालायला जागा नाही. लेकॉक मला नवख्यांसाठी बरं वाटतं कारण ट्रेन अधिक बस असं जमतं, गावाच्या टोकाला ॲबी (जुना ख्रिस्ती मठ) आहे म्हणजे पावसात दोन-तीन तास आत जातात, आणि जवळजवळ अख्खं गाव नॅशनल ट्रस्टच्या, म्हणजे जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या, मालकीचं आहे.

हे शेवटचं जरा नीट समजून घ्या कारण गाव असं का दिसतं त्याचं कारण इथेच आहे. टॉलबट घराण्यातल्या मटिल्डा टॉलबट बाईंनी १९४४ साली ॲबी आणि गाव दोन्ही ट्रस्टला देऊन टाकलं. त्यामुळे घरं विकली जात नाहीत, लोक भाड्याने राहतात, आणि कुणी उठून प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या, वरती डिश लावली, असं होत नाही. विजेच्या तारा दिसत नाहीत, छपरावर अँटेना दिसत नाही. म्हणून जुन्या काळातल्या मालिका-सिनेमांची शूटिंगं इथे सारखी होत असतात, दोन-चार बोर्ड झाकायचे, रस्त्यावर माती पसरायची, झालं अठरावं शतक.

हां, एक. लोक याला कॉट्सवोल्ड म्हणून सांगतात, तसं नाहीये, कॉट्सवोल्डची हद्द जवळच आहे पण हे तिच्या बाहेर. बघणाऱ्याला काही फरक पडत नाही.

पायरी २: कधी जायचं

शाळेच्या सुट्ट्या आणि बँक हॉलिडे टाळा, एवढं केलंत तरी निम्मं काम झालं. मे-जूनचा मधला वार उत्तम, रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, सहानंतर रस्ते मोकळे होतात आणि मग दगडांवर जे तिरकं ऊन पडतं ते दुपारी बारा वाजता गेलेल्यांना दिसतच नाही. डिसेंबरात चार वाजता अंधार, पण तेव्हाही मजा आहे, पबमध्ये शेकोटी पेटलेली असते. फक्त ॲबीच्या खोल्यांच्या वेळा हिवाळ्यात कमी होतात आणि बाग उघडी असली तरी आतलं घर बंद असू शकतं, म्हणून ट्रस्टच्या साइटवर त्याच दिवसाची वेळ बघून निघा. शूटिंग असेल तर काही भाग बंद ठेवतात, ते पण तिथेच लिहिलेलं असतं.

पायरी ३: पोचायचं कसं

लंडनहून असाल तर पॅडिंग्टनवरून चिपनम, बाथ-ब्रिस्टलला जाणारी ट्रेन, साधारण सव्वा तास. स्विंडनहून तर पंधरा मिनिटं (स्विंडनमध्ये आपली गोव्याची मंडळी इतकी आहेत की प्लॅटफॉर्मवर कोंकणी ऐकू आली तर दचकू नका). तिघे किंवा जास्त जण बरोबर असाल तर ऑफपीकमध्ये ग्रुपसेव्ह टाकून बघा, एक तृतीयांश पैसे वाचतात, त्याला कार्डबिर्ड काही लागत नाही, तिकीट काढताना तो पर्याय निवडायचा फक्त. दोघेच असाल तर टू टुगेदर रेलकार्ड.

चिपनमपासून लेकॉक तीन मैल. ट्रोब्रिजकडे जाणारी बस गावात थांबते, पण रविवारी आणि संध्याकाळनंतर बसवर भरवसा ठेवू नका, परतीची शेवटची बस किती वाजता ते जायच्या आधी ॲपवर बघा. टॅक्सी स्टेशनवर मिळते, गावातून परत येताना मात्र आधी फोन करून ठेवावी लागते, रस्त्यावर उभं राहून हात करायचा प्रकार तिकडे चालत नाही.

गाडीने जाणार असाल तर गावाबाहेर ट्रस्टचा कारपार्क आहे तिथेच लावा, ट्रस्टच्या मेंबरांना फुकट आहे. गावातल्या गल्लीत "दोनच मिनिटं" म्हणून लावू नका, ती कुणाच्या तरी दारातली जागा असते. आणि आजूबाजूच्या लेनवर समोरून गाडी आली की ज्याच्या जवळ रुंद जागा आहे त्याने मागे घ्यायची, मग दुसरा हात वर करून थँक यू करतो, तुम्ही पण करायचा, नाही केलात तर फार वाईट दिसतं. घोडा दिसला तर ताशी १० मैलांच्या खाली या आणि किमान २ मीटर अंतर सोडून हळू पुढे जा, हा हायवे कोडमधला नियम आहे, उगाच सांगत नाहीये. हॉर्न तर अजिबात नको.

पायरी ४: गावात फिरायचं कसं

गाव म्हणजे चार रस्त्यांचा एक चौकोन: हाय स्ट्रीट, वेस्ट स्ट्रीट, चर्च स्ट्रीट, ईस्ट स्ट्रीट. चालायला लागलात तर पंधरा मिनिटांत फेरी पूर्ण होते आणि मग लोक म्हणतात "एवढंच?" म्हणून सांगते, पहिली फेरी नुसती मारा, दुसऱ्या फेरीला भिंती बघा.

कारण सगळी गंमत भिंतींमध्ये आहे. एक घर दगडाचं, शेजारचं विटांचं, त्याच्या पलीकडचं लाकडी सांगाड्याचं, आणि त्या सांगाड्यामधल्या जागा म्हणजे चक्क कुडाच्या भिंती, काटक्या विणून त्यावर माती-शेण-गवत लिंपलेलं. कोकणात कुडाचं घर ज्यांनी बघितलंय त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही, आणि बाबा लोकांना हे दाखवलं की त्यांचा चेहरा एकदम खुलतो, "अरे हे तर आपल्याकडचंच!" फरक एवढाच की इथली काही घरं पाच-सहाशे वर्षं उभी आहेत आणि आत वायफाय आहे. चर्च स्ट्रीटवर क्रक हाउस म्हणून एक घर आहे ते चुकवू नका, बाकीच्या घरांत जे आत लपलेलं असतं ते तिथे बाहेरून दिसतं: एकच वाकडं झाड उभं चिरून त्याचे दोन भाग समोरासमोर टेकवलेत आणि त्या कमानीवर अख्खं छप्पर तोललेलं आहे. जमिनीपासून वरपर्यंत एकाच लाकडाचा बाक डोळ्याने धरत जा म्हणजे कळेल मी काय म्हणतेय.

ईस्ट स्ट्रीटच्या बाजूला टाइद बार्न आहे, चौदाव्या शतकातलं कोठार. ॲबीची कुळं जो वसूल धान्याच्या, कातड्यांच्या, लोकरीच्या रूपात भरायची तो इथे यायचा. आत जाऊन मान वर करा, छपराची लाकडं बघण्यासारखी आहेत. त्याला लागूनच घुमटाच्या छपराची एक दगडी खोली आहे, खिडकी नाही काही नाही, ती गावची कोठडी, दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला रात्रभर कोंडायची. याला तिकडे ब्लाइंड हाउस म्हणतात. पोरांना हे सगळ्यात जास्त आवडतं, ॲबीपेक्षाही.

ही सगळी श्रीमंती लोकरीची होती, तेही सांगून ठेवते. मध्ययुगात लोकरीच्या धंद्याने गाव वर आलं, बाजार भरायचा, चर्च मोठं बांधलं गेलं, आणि पुढे धंदा बसला तसं गाव जिथल्या तिथे राहिलं. पैसा असता तर लोकांनी जुनं पाडून नवं बांधलं असतं. म्हणजे आपण जे बघायला जातो ते एका अर्थी मंदीमुळे वाचलंय, आणि नंतर एकाच घराण्याच्या आणि मग ट्रस्टच्या हातात राहिल्यामुळे.

चर्च सेंट सिरिअकचं, हा संत म्हणजे एक लहान मुलगा, त्याच्या नावाची चर्च इंग्लंडात फारशी नाहीत. आत टोप्या काढा, प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा, पेटीत दोन-चार पौंड टाका. या चर्चकडे एक जुना चांदीचा पेला होता, मध्ययुगातला, तो २०१३ साली ब्रिटिश म्युझियम आणि विल्टशर म्युझियमने मिळून १३ लाख पौंडांना विकत घेतला. चर्चला डागडुजीला पैसे हवे होते, आणि गावातल्या काहींना तो विकणं मुळीच पसंत नव्हतं, प्रकरण चर्चच्या कोर्टापर्यंत गेलं होतं. देवळाच्या दागिन्यांवरून आपल्याकडे विश्वस्त मंडळात जे होतं तेच, फक्त जरा हळू आवाजात.

आता शिष्टाचाराचं. घराच्या खिडक्या थेट रस्त्याला लागून आहेत आणि आत खरी माणसं राहतात, नाश्ता करत असतात, तर काचेला नाक लावून आत बघायचं नाही. हे मी सांगायची वेळ यावी याचं वाईट वाटतं पण लोक करतात. दारात बसून फोटो नको. ड्रोन तर नाहीच, ट्रस्टच्या जागेवर परवानगीशिवाय चालत नाही. घरांसमोर छोटे स्टॉल दिसतील, मरँग, केक, जॅम, कधी रोपं, आणि बाजूला एक डबा, माणूस कुणी नाही. हवं ते घ्यायचं आणि किंमत लिहिलेली असेल तेवढे पैसे डब्यात टाकायचे. सुटे पौंड घेऊन जा, सगळीकडे कार्ड चालेल असं समजू नका.

पायरी ५: ॲबी, आणि ती एक खिडकी

गाव फिरायला तिकीट नाही, ॲबीला आहे. वर्षात तीन-चार ठिकाणी जाणार असाल तर ट्रस्टची फॅमिली मेंबरशिप हिशोबात बसते, नाहीतर नुसतं तिकीट काढा.

ॲबी बांधली एला नावाच्या बाईने, सॉल्झबरीची काउंटेस. नवरा दुसऱ्या हेन्री राजाचा अनौरस मुलगा. तो वारल्यावर हिने दुसरं लग्न केलं नाही, विल्टशरची शेरीफ म्हणून कारभार पाहिला, जे त्या काळी बाईच्या वाट्याला जवळजवळ कधीच येत नसे, आणि १२३२ साली एकाच दिवशी दोन मठांचा पाया घातला, सकाळी एक, दुपारी दुसरा. त्यातला लेकॉकचा जोगिणींचा. पुढे स्वतःच तिथे जोगीण झाली आणि मठाची प्रमुख पण. मला तर या बाईवर एक अख्खी मालिका हवी आहे.

मग आठव्या हेन्रीने देशातले सगळे मठ बंद केले, १५३९ मध्ये याचा नंबर लागला, आणि विल्यम शॅरिंग्टन नावाच्या गृहस्थाने ७८३ पौंडांत तो विकत घेतला. त्याने मठाचं चर्च पाडलं पण खालचा क्लॉइस्टर, म्हणजे अंगणाभोवतीचा कमानींचा ओटा, तसाच ठेवला आणि त्याच्या वर स्वतःचं घर थाटलं. म्हणून खाली मठ आणि वर हवेली असा विचित्र प्रकार आहे. हाच शॅरिंग्टन पुढे ब्रिस्टलच्या टांकसाळीत घोटाळा करताना सापडला, ते वेगळं. क्लॉइस्टरमध्ये गर्दी असते ती त्या चष्मेवाल्या जादूगार पोराच्या सिनेमामुळे, शाळेचे काही प्रसंग इथे चित्रित झालेत. पोरं बरोबर असतील तर झाडू घेऊन येतील, तयारी ठेवा.

पण खरी गोष्ट वरच्या साउथ गॅलरीत आहे. तिथे एक पुढे आलेली जाळीदार खिडकी आहे, छोट्या छोट्या तावदानांची, बघायला अगदी साधी. ऑगस्ट १८३५ मध्ये घराचे मालक विल्यम हेन्री फॉक्स टॉलबट यांनी या खिडकीसमोर एक छोटी लाकडी पेटी ठेवली आणि मीठ आणि चांदीचा क्षार लावलेल्या कागदावर तिचं चित्र उमटवलं. तो कागद जेमतेम इंचभर. जगात आज शिल्लक असलेली सगळ्यात जुनी फोटो निगेटिव्ह ती हीच. टॉलबट यांनी त्याच्याशेजारी लिहून ठेवलंय की नवीन होतं तेव्हा भिंग घेऊन सुमारे २०० तावदानं मोजता यायची. आता ते फिकट जांभळट झालंय, मूळ कागद इथे नाही, सायन्स म्युझियमवाल्यांच्या संग्रहात आहे. त्या पेट्या घरभर ठेवलेल्या असायच्या आणि त्यांच्या बायकोने, कॉन्स्टन्सने, त्यांना नाव ठेवलं होतं "उंदराचे सापळे". फ्रान्समध्ये दागेर यांनी १८३९ साली जी पद्धत जाहीर केली तिच्यात एक फोटो म्हणजे एकच फोटो, कॉपी नाही. टॉलबट यांच्या पद्धतीत एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती, आणि पुढे दीडशे वर्षं जगाने जे रोल धुतले ते याच तत्त्वावर. आपल्या घरातल्या लग्नाच्या अल्बमचं मूळ या खिडकीत आहे म्हणा ना.

लोक काय करतात, त्या खिडकीसमोर उभं राहून सेल्फी काढतात. काढा, मी पण काढलाय. पण आधी जरा उभे राहून उजेड कुठून येतोय ते बघा, दुपारी ती खिडकी मागून उजळते आणि तावदानांची जाळी काळी दिसते, निगेटिव्हमध्ये हेच उलटं झालेलं असतं. दाराजवळच्या जुन्या कोठारात फॉक्स टॉलबट म्युझियम आहे तिथे हे सगळं समजावून सांगितलंय, ते आधी बघा आणि मग वर जा, उलट क्रमाने मजा जाते.

पायरी ६: खाणं

पबमध्ये टेबलावर बसून कुणी ऑर्डर घ्यायला येईल म्हणून वाट बघू नका. टेबलाचा नंबर लक्षात ठेवायचा, बारवर जायचं, ऑर्डर आणि पैसे तिथेच. दुपारचं स्वयंपाकघर साधारण अडीचच्या आसपास बंद होतं आणि सहाला उघडतं, मध्ये गेलात तर वेफर्सच्या पाकिटावर भागवावं लागेल. रविवारी रोस्ट असतो त्यासाठी आधी बुकिंग.

शाकाहारी लोकांनी नीट वाचा. लार्डी केक नावाचा विल्टशरचा गोड पदार्थ बेकरीत दिसेल, थराथरांचा, मनुका घातलेला, वर साखरेचा पाक, वास असा की पाय थांबतात. त्यात डुकराची चरबी असते, नावातच आहे. केक म्हटलं की आपण फक्त अंड्याचं विचारतो, चरबीचं कुणाच्या डोक्यातच येत नाही. तसंच काही पारंपरिक पुडिंगमध्ये सूएट म्हणजे गाईगुरांची चरबी असते, सूप चिकनच्या पाण्यात केलेलं असू शकतं. विचारा, बिनधास्त विचारा, कुणी वाईट वाटून घेत नाही. त्यातल्या त्यात बिनघोर म्हणजे जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला अख्खा बटाटा) आणि चीज, प्लाउमन्स, म्हणजे ब्रेड-चीज-लोणच्याची थाळी (हॅम नको म्हणून सांगायचं) आणि टीरूममध्ये क्रीम टी, म्हणजे स्कोन, जॅम, घट्ट साय आणि चहाची किटली. स्कोनमध्ये अंडं असतं कधी, तेवढं विचारून घ्या. चहा फिका असतो, आपली आई एक घोट घेऊन कप खाली ठेवणार हे गृहीत धरा.

जॉर्ज इनमध्ये गेलात तर शेकोटीच्या वर भिंतीवर एक लाकडी चाक दिसेल. ते कुत्र्याचं. आखूड पायांचा कुत्रा त्या चाकात घालायचे, तो धावायचा आणि विस्तवावरचं मांस फिरत राहायचं. त्या कामासाठी खास पाळलेली जातच होती, आता ती नामशेष झाली, चाक राहिलं.

पायरी ७: रात्र आणि सकाळ

गावातल्या काही पबांच्या वर खोल्या आहेत, साइन ऑफ द एंजल तर पंधराव्या शतकातली इमारत. खोल्या थोड्याच, त्यामुळे शनिवारसाठी महिनोन् महिने आधी बघावं लागतं, मधल्या वारी मिळतात आणि स्वस्तही पडतात. दारं बुटकी असतात, डोकं वाचवा. जमीन उतरती असते, बॅग चाकांवर ठेवली तर स्वतःच भिंतीकडे निघते. लिफ्ट नसते, जिने उभे आणि वाकडे, गुडघ्यांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांसाठी तळमजल्याची खोली आहे का ते आधी फोन करून विचारा, बुकिंगच्या साइटवर हे कधीच नीट लिहिलेलं नसतं.

सकाळी लवकर उठून रेब्रिजपर्यंत चालत जा. चर्चजवळून रस्ता खाली उतरतो, तिथे ओढा थेट रस्त्यावरून वाहतो आणि बाजूने पायी जाणाऱ्यांसाठी जुना दगडी पूल आहे. पलीकडे चढून शेतातून पायवाट, मग एव्हन नदीकाठी रेब्रिज, चार-सहा घरांची वस्ती. ही शेक्सपिअरच्या गावची एव्हन नाही बरं का, ही ब्रिस्टलकडे जाते. शेतातली पायवाट ही सार्वजनिक हक्काची असते, मालकाला विचारावं लागत नाही, फक्त वाट सोडायची नाही, जे गेट बंद मिळालं ते बंद करायचं, आणि गाई वासरांसकट चरत असतील तर लांबून जायचं. बरोबर कुत्रा असेल तर गाई त्याच्या मागे धावून येतात, हे गमतीचं वाटतं पण लोक खरंच जखमी होतात. बूट चिखलाचे घाला. समोरून कुणी आलं तर "मॉर्निंग" म्हणायचं, लंडनच्या ट्यूबमधली सवय इथे चालत नाही.

पायरी ८: आणि जर राहायलाच जायचं असेल

असा एक क्षण येतो, पबच्या बागेत बसलेलं असताना, नवरा फोनवर घरांच्या किमती बघायला लागतो. तेव्हा हे वाचा.

पहिलं म्हणजे लेकॉकमध्ये घर विकत घ्यायचा विचार डोक्यातून काढा, ट्रस्टची घरं भाड्याने मिळतात, रिकामं झालं की जाहिरात येते, क्वचित येते. दुसऱ्या जुन्या गावांत विकत मिळतात. पण कुठेही असो, आधी फेब्रुवारीत जाऊन बघा. पाऊस, चार अंश, दिवसभर दिवे लावलेले. तेव्हाही आवडलं तर मग पुढचं बोलू. जमल्यास वर्षभर भाड्याने राहा.

घर आवडलं की ते लिस्टेड, म्हणजे संरक्षित इमारतींच्या यादीत, आहे का बघा, हिस्टॉरिक इंग्लंडच्या साइटवर नॅशनल हेरिटेज लिस्ट फुकट शोधता येते. १७०० च्या आधीची, बऱ्यापैकी मूळ रूपात राहिलेली घरं बहुतेक सगळी लिस्टेड असतात. तीन ग्रेड आहेत, १, २ स्टार आणि २, पैकी नव्वद टक्क्यांहून जास्त इमारती नुसत्या २ मध्ये. पण "फक्त ग्रेड २ आहे" असं एजंट म्हणाला तर हसून सोडून द्या, परवानगी त्यालाही लागते आणि संरक्षण आतल्या भागालाही असतं, नुसत्या दर्शनी बाजूला नाही. खिडक्या बदलायच्या, भिंत पाडायची, जुनी शेकोटी काढायची, सगळ्याला कौन्सिलची लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट. विनापरवानगी केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. आणि आधीच्या मालकाने करून ठेवलं असेल तरी ते निस्तरायची नोटीस आताच्या मालकाला, म्हणजे तुम्हाला, येऊ शकते, म्हणून सॉलिसिटरला हे मुद्दाम तपासायला सांगा.

आपल्यासाठी यातला सगळ्यात मोठा प्रश्न स्वयंपाकघराचा. फोडणी द्यायची, मासे तळायचे, तर धूर बाहेर काढायला एक्झॉस्ट हवा, आणि एक्झॉस्टसाठी चारशे वर्षांच्या भिंतीला भोक पाडायचं म्हणजे पुन्हा अर्ज. घर बघायला जाल तेव्हा हूड आहे का आणि त्याची नळी खरंच बाहेर जाते का हे हात लावून बघा, कित्येक घरांत तो धूर नुसता गाळून परत खोलीतच सोडतो.

डबल ग्लेझिंग बहुधा मिळत नाही, आतून दुसरी काच बसवायला (सेकंडरी ग्लेझिंग) सहसा हरकत नसते, ते करा. घराची तपासणी म्हणजे सर्व्हे साधा घेऊ नका, सगळ्यात सखोल असतो तो लेव्हल ३ चाच घ्या आणि जुन्या घरांची माहिती असलेल्या माणसाकडून. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात, चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, मधल्या काळात कुणीतरी वरून सिमेंट फासलेलं असतं आणि मग ओल आतच कोंडते, भिंत फुगते, वास येतो. तिथे डॅम्पप्रूफवाला बोलवून इंजेक्शनं मारण्याआधी सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा का ते विचारा. छप्पर गवती असेल तर इन्शुरन्स महाग आणि अटी जास्त.

बऱ्याच गावांत गॅसची लाइन नसते. मागच्या अंगणात तेलाची टाकी, हीटिंगचं तेल टँकरने येतं आणि बहुतेक पुरवठादार ५०० लिटरच्या खाली देत नाहीत, शेजारी मिळून एकत्र मागवतात तेव्हा भाव जरा बरा मिळतो. ड्रेनेज सेप्टिक टँकचं आहे का विचारा, आणि त्याचं पाणी थेट ओढ्यात जात असेल तर ते २०२० पासून नियमात बसत नाही. ब्रॉडबँड ऑफकॉमच्या चेकरवर, पुराचा धोका सरकारी साइटवर, दोन्ही पोस्टकोड टाकून पाच मिनिटांत कळतं. गाड्या बहुधा दोन लागतील. कढीपत्ता आणायला पाऊण तास, हे पण हिशोबात धरा, फ्रीझर मोठा घ्या.

माणसांचं काय, हे सगळेच दबक्या आवाजात विचारतात, आपण वेगळे दिसू का म्हणून. दिसाल. पहिले काही आठवडे पबमध्ये माना वळतील. पण अशा गावात कामाला माणसं कायम कमी असतात, हा आपला फायदा. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिकडच्या ग्रामपंचायतीच्या, मीटिंगा सगळ्यांना खुल्या असतात, तारीख गावच्या बोर्डवर लावलेली असते, जाऊन मागे बसा, कुत्र्यांची घाण आणि पार्किंग यावर दीड तास चर्चा ऐकलीत की गावातलं निम्मं राजकारण कळतं. उन्हाळ्यातल्या जत्रेत म्हणजे फेटमध्ये स्टॉल मागा, सामोसे ठेवा, दुपारी दोनपर्यंत संपतात आणि पुढच्या वर्षी तेच तुम्हाला शोधत येतात.

आणि चर्चची घंटा वाजवायला शिका. धर्म कुठलाही असला तरी बहुतेक ठिकाणी चालतं, संगीत यायला लागत नाही, कारण तिकडे सूर वाजवत नाहीत, आकडे वाजवतात. सहा घंटा असतील तर त्यांचे ७२० वेगवेगळे क्रम होतात, एकही क्रम पुन्हा न येता सगळे वाजवायचे, पाठ करून, कागद न बघता. आपल्याकडच्या गणितवाल्या लोकांना हे फार लवकर जमतं असं माझं निरीक्षण आहे. आठवड्यातून एका संध्याकाळी सराव असतो, नवे लोक नेहमीच हवे असतात, आणि सराव संपला की सगळे पबमध्ये. दारू घेत नसाल तर लाइम अँड सोडा मागा, स्वस्तात मिळतो आणि कुणी काही विचारत नाही.